संगणकाला आपली भाषा शिकवणाऱ्या बाई : ग्रेस हॉपर



प्रोग्राम लिहायला शिकताना सगळ्यात आधी काय भेटतं सांगा बरं? उत्तर तर नंतर येतं. आधी भेटते ती चूक! आपण दहा-बारा ओळी लिहितो, चालवायला जातो आणि पडद्यावर लाल अक्षरं येतात. अमुक ओळीत अमुक शब्द अपेक्षित नव्हता, अमुक नाव कुठे सांगितलेलंच नाही, इथे पूर्णविराम हवा होता. बहुतेक मुलं तो संदेश पूर्ण वाचतच नाहीत. छातीत धस्स होतं, पानं मिटली जातात आणि शेजारच्याच्या वहीतला प्रोग्राम जसाच्या तसा उतरवून घेतला जातो. पुढे हीच मुलं मोठ्या कंपन्यांत कामाला लागतात. बँकेचे, विम्याचे, पगाराचे हजारो ओळींचे प्रोग्राम हाताळतात आणि संदेश न वाचता अंदाजाने बदल करत बसतात. तासन्‌तास वाया जातात.

आज आपण ज्यांचं चरित्र वाचणार आहोत, त्यांनी काम सुरू केलं तेव्हा यंत्र असं काही सांगतच नव्हतं. चूक झाली तर ते मुकाट्याने चुकीचं उत्तर द्यायचं, नाहीतर बंद पडायचं. त्या बाईंचं नाव ग्रेस हॉपर. त्या गणिताच्या प्राध्यापिका होत्या, अमेरिकेच्या नौदलात अधिकारी होत्या आणि माणसाच्या भाषेतलं यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामच्या, म्हणजे कंपायलरच्या, आद्य निर्मात्यांपैकी एक होत्या.

घड्याळं उघडणारी मुलगी

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. तीन भावंडांत ती थोरली. वडील विम्याच्या व्यवसायात होते आणि आईला गणिताची आवड होती.

ग्रेस सात वर्षांची असतानाची गोष्ट. गजराचं घड्याळ वाजतं तरी कसं, हे तिला बघायचं होतं. तिने एक घड्याळ उघडलं. आतले दात्यांचे चक्र आणि स्प्रिंगा बाहेर आल्या, पण परत बसवता येईनात. मग ते पहिलं कसं जोडायचं हे कळावं म्हणून तिने दुसरं उघडलं. असं करत घरातली सात घड्याळं उघडून झाली! आईने तिला रागावून गप्प बसवलं नाही. एवढंच ठरवून दिलं, की यापुढे उघडायचं ते एकच घड्याळ.

बघा, ही मुलगी पुढे सगळं आयुष्य हेच करत राहिली. एखादी गोष्ट बिघडली, की घाबरून बाजूला ठेवायची नाही, उघडून बघायची.

पण सगळंच सोपं गेलं असं नाही. सोळाव्या वर्षी व्हॅसार कॉलेजात प्रवेश मिळवायचा प्रयत्न केला, तेव्हा लॅटिन भाषेत गुण कमी पडले. एक वर्ष थांबावं लागलं. पुढे जिने यंत्रासाठी भाषा घडवल्या, ती मुलगी भाषेच्याच परीक्षेत अडली होती! पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. १९२८ साली गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या. १९३० मध्ये येल विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी आणि १९३४ मध्ये तिथूनच गणितातली डॉक्टरेट त्यांनी मिळवली. १९३० मध्येच व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं. ते लग्न पुढे टिकलं नाही, पण हॉपर हे नाव कायम राहिलं.

गणिताच्या तासाला निबंध

१९३१ पासून ग्रेस हॉपर व्हॅसार कॉलेजात गणित शिकवू लागल्या. त्यांच्या शिकवण्याची एक रीत मुलींना अजिबात आवडायची नाही. संभाव्यतेच्या वर्गात त्या एखादं सूत्र शिकवायच्या आणि मग त्या सूत्रावर निबंध लिहून आणायला सांगायच्या. वह्या तपासताना गणिताइकीच भाषाही तपासायच्या. वाक्य कुठे अर्धवट राहिलं, कुठे अर्थ लागत नाही, ते खुणा करून परत द्यायच्या. मुली कुरकुर करायच्या, की हा गणिताचा तास आहे, भाषेचा नाही. त्यावर बाईंचं म्हणणं असं, की दुसऱ्याला समजावून सांगता येत नसेल, तर शिकलेल्या गणिताचा उपयोग तो काय?

मित्रांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. वहीवरच्या लाल खुणा म्हणजे शिक्षा नव्हे. तुझं म्हणणं मला इथपर्यंत कळलं, इथून पुढे कळलं नाही, एवढंच ती खूण सांगते. कंपायलरचा संदेशही नेमकं हेच सांगत असतो.

वजन कमी, वय जास्त

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली आणि नौदलाने स्त्रियांसाठी राखीव दल सुरू केलं. हॉपर यांच्या घराण्यात नौदलाची परंपरा होती, त्यांचे पणजोबा ॲडमिरल होते. त्यांनाही भरती व्हायचं होतं. पण वय चौतिशीच्या पुढे गेलेलं आणि वजन नियमापेक्षा सुमारे सात किलोने कमी. शिवाय गणिताच्या प्राध्यापकांची देशाला शिकवण्यासाठीच गरज आहे असंही सांगितलं गेलं. बाईंनी चिकाटी सोडली नाही. वजनाची सवलत मिळवली, कॉलेजातून रजा काढली आणि डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात त्या पहिल्या आल्या.

१९४४ च्या उन्हाळ्यात त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात झाली. तिथे हॉवर्ड आयकेन यांच्या हाताखाली मार्क १ नावाचं एक अजस्र गणकयंत्र होतं. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट! एका शाळेच्या दोन वर्गखोल्या भरतील एवढं. आयकेन यांनी आल्या आल्याच आर्क टॅन्जंटच्या आकडेमोडीचं काम त्यांच्या हातात दिलं. यंत्र कसं चालवायचं याचं पुस्तक तेव्हा नव्हतंच. ते पुढे हॉपर यांनीच तयार केलं. १९४६ साली निघालेलं ते पुस्तक पाचशेहून जास्त पानांचं होतं.

यंत्र बोलत नव्हतं

आता त्या काळी प्रोग्राम कसा लिहीत ते बघू. मार्क १ ला सूचना द्यायच्या त्या कागदी पट्टीवर भोकं पाडून. एका आडव्या रांगेत २४ जागा. त्यांचे आठ-आठचे तीन भाग. संख्या कुठून घ्यायची, कुठे ठेवायची आणि काय करायचं, असे ते तीन भाग सांगत. एक भोक चुकीच्या जागी पडलं, तर यंत्र ते बिनबोभाट पाळायचं. चुकीच्या ठिकाणची संख्या उचलायचं आणि पुढे जायचं. उत्तर चुकल्याचं माणसालाच शोधून काढावं लागे आणि मग पट्टी हातात घेऊन भोकं मोजत बसावं लागे. बाहेर युद्ध चालू होतं, उत्तरांची घाई होती आणि यंत्र रात्रंदिवस चालू ठेवावं लागत होतं.

पुढच्या यंत्रावर, म्हणजे मार्क २ वर, एक प्रसिद्ध घटना घडली. ९ सप्टेंबर १९४७ रोजी यंत्र नीट चालेना. शोधता शोधता एका रिलेच्या फटीत अडकलेला पतंगाचा किडा सापडला! तिथल्या लोकांनी तो नोंदवहीच्या पानावर चिकटवून ठेवला. ती वही आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. यंत्रातल्या बिघाडाला बग, म्हणजे किडा, म्हणायची पद्धत त्याच्याही कितीतरी आधीपासून होती. पण हॉपर यांनी ही गोष्ट भाषणांतून इतक्यांदा रंगवून सांगितली, की ती त्यांच्याच नावावर जमा झाली.

इथे एक फरक समजून घ्या. किडा अडकणं हा यंत्राचा बिघाड. भोक चुकणं ही माणसाने लिहिण्यात केलेली चूक. दोन्हींचा परिणाम एकच, चुकीचं उत्तर. पण उपाय मात्र वेगवेगळे. कोणत्या प्रकारची चूक आहे हे यंत्र सांगत नसेल, तर माणसाला सगळीकडेच शोधत फिरावं लागतं.

उतरवून घेण्यातल्या चुका

मार्क १ वर काम करणाऱ्यांनी एक युक्ती काढली होती. वर्गमूळ, साइन, कोसाइन अशा नेहमी लागणाऱ्या कामांचे तुकडे ते आपापल्या वहीत लिहून ठेवत. कोणाला लागलं, की दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घेत. पण उतरवून घेताना काय व्हायचं? १९४९ साली हॉपर फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या, तिथे युनिव्हॅक नावाचा संगणक बनत होता. तिथेही तेच. युनिव्हॅकवर रिकामी जागा दाखवायला त्रिकोणासारखी खूण वापरत. ती घाईत काढली, की ४ च्या इंग्रजी आकड्यासारखी दिसायची. घाईत लिहिलेला बी हा तेरासारखा वाचला जायचा. शिवाय तुकडा नव्या प्रोग्रामात बसवताना त्यातले सगळे पत्ते बेरीज करून बदलावे लागत. आणि बेरजेत तर माणसं चुकायचीच!

हॉपर स्वतःही यातून सुटल्या नव्हत्या. कंपनीतल्या एका यंत्रासाठी त्या आठच्या पायावर, म्हणजे ० ते ७ एवढेच अंक वापरून, आकडेमोड करायला शिकल्या. काही दिवसांनी त्यांच्या बँकेच्या चेकबुकचा हिशेब जुळेना. भावाने बसून तपासलं, तेव्हा कळलं की बाई मधूनमधून वजाबाकी आठच्या पायावर करत होत्या!

या सगळ्यातून त्यांना एक साधी गोष्ट सुचली. अचूक उतरवून घेणं आणि कंटाळा न करता बेरीज करणं, ही दोन कामं माणसाला जमत नाहीत. संगणकाला मात्र ती उत्तम जमतात. मग ही कामं संगणकालाच का देऊ नयेत? १९५२ साली त्यांचा ए-० नावाचा प्रोग्राम तयार झाला. माणसाने फक्त कोणते तुकडे हवेत त्यांचे क्रमांक द्यायचे. चुंबकीय फितीवरून ते तुकडे शोधणं, उतरवणं आणि पत्ते बदलून एकत्र बांधणं, हे काम संगणक करायचा. याला त्यांनी कंपायलर म्हटलं. आजचे कंपायलर याच्या खूप पुढे गेले आहेत, पण नाव आणि कल्पना तिथून रुजली.

गंमत म्हणजे कोणी विश्वासच ठेवेना. संगणक आकडेमोड करतो, प्रोग्राम थोडाच लिहिणार, असं लोक म्हणायचे. चालणारा प्रोग्राम समोर होता, तरी बरेच दिवस त्याला कोणी हात लावला नाही.

हिशेबनिसाची भाषा

हॉपर यांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. गणिताच्या लोकांना चिन्हं आवडतात. पण पगाराचा, मालाचा, विम्याचा हिशेब ठेवणाऱ्या माणसांना चिन्हं नकोत, त्यांना शब्द हवेत. व्यापारी जगातल्या संगणकाला अशा लोकांच्या शब्दांत सूचना देता आल्या पाहिजेत, हे त्यांनी वरिष्ठांना सुचवलं. वरिष्ठांनी सांगितलं, की संगणकाला इंग्रजी समजत नाही, हा नाद सोडा.

बाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. १९५५ च्या सुमारास त्यांनी इंग्रजी शब्दांत लिहिलेला छोटासा प्रोग्राम चालवून दाखवला. मग तोच प्रोग्राम फ्रेंच शब्दांत आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. संगणकाला काय, सगळे शब्द म्हणजे खुणाच! या खुणेऐवजी ती खूण, एवढाच फरक. पण प्रात्यक्षिक अंगाशी आलं. फिलाडेल्फियात बनलेल्या यंत्राला फ्रेंच आणि जर्मन कशी कळेल, म्हणून वरिष्ठ हादरले. पुढचे काही महिने आम्ही फक्त इंग्रजीच वापरू अशी समजूत घालण्यात गेले. यातूनच फ्लो-मॅटिक ही भाषा तयार झाली आणि १९५८ मध्ये ती ग्राहकांच्या हाती पडली.

मे १९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यात, पेंटागॉनमध्ये, एक बैठक भरली. प्रत्येक कंपनीच्या संगणकाची भाषा निराळी, त्यामुळे यंत्र बदललं की सगळे प्रोग्राम पुन्हा लिहावे लागत. सगळ्यांसाठी एकच व्यापारी भाषा असावी असा आग्रह मेरी हॉज यांनी धरला होता. जीन सॅमेट आणि इतर अनेकांनी तिच्या रचनेसाठी कष्ट घेतले. हॉपर सल्लागार होत्या आणि त्यांची फ्लो-मॅटिक हा नव्या भाषेचा मोठा आधार ठरला. या भाषेचं नाव कोबॉल. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबॉल प्रोग्राम दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आला. आजही जगातल्या कितीतरी बँका आणि सरकारी खाती कोबॉलवर चालतात.

संदेश कसा वाचायचा?

आता जरा थांबून विचार करा. माणूस शब्दांत लिहिणार आणि कंपायलर त्याचं भाषांतर करणार, असं एकदा ठरलं, की नवा प्रश्न येतो. भाषांतर करणाऱ्याला वाक्य कळलंच नाही तर? त्याने अंदाजाने काहीतरी करू नये, तर कुठे अडलं ते सांगावं. यालाच वाक्यरचनेची तपासणी म्हणजे सिंटॅक्स चेक म्हणतात. कोबॉलचंच उदाहरण घेऊन हे संदेश कसे वाचायचे ते पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे संदेशाचे भाग ओळखा. त्यात साधारणपणे ओळीचा क्रमांक, संदेशाचा स्वतःचा क्रमांक, चुकीची तीव्रता आणि मजकूर असतो. आयबीएमच्या कोबॉल कंपायलरमध्ये तीव्रतेच्या पाच पायऱ्या असतात. नुसती माहिती, इशारा, चूक, गंभीर चूक आणि ज्याने भाषांतरच थांबतं अशी चूक. इशारा आणि गंभीर चूक यांना एकाच मापाने मोजू नका. तसंच, प्रोग्राम चालतोय ना, मग इशारा सोडून द्या, असंही करू नका.

दुसरी गोष्ट. ओळीचा क्रमांक म्हणजे कंपायलर जिथे अडला ती जागा. चूक तिथेच असेल असं नाही. कोबॉलमध्ये वाक्य पूर्णविरामाने संपतं. समजा माहितीच्या विभागात चाळिसाव्या ओळीचा पूर्णविराम राहिला. कंपायलरला वाटतं, वाक्य अजून चालूच आहे. तो एकेचाळिसाव्या ओळीत जातो आणि तिथला शब्द त्याला विचित्र वाटतो. संदेश येतो एकेचाळिसाव्या ओळीचा. आपण ती ओळ दहा वेळा वाचतो, तिथे काहीच चुकलेलं नसतं! म्हणून सांगितलेल्या ओळीसोबत तिच्या वरची ओळही वाचायची.

तिसरी गोष्ट म्हणजे पहिल्या संदेशापासून सुरुवात करा. एखाद्या खात्याची व्याख्या पूर्णविरामाअभावी बिघडली, तर पुढे जिथे जिथे ते नाव येईल तिथे तिथे हे नाव माहीत नाही असा संदेश येतो. संदेश पन्नास आणि चूक एकच! पहिली दुरुस्त करून पुन्हा तपासलं, की उरलेल्या पुष्कळशा आपोआप जातात. पन्नास संदेश बघून हातपाय गाळणारा विद्यार्थी खरं म्हणजे एका टिंबाला घाबरलेला असतो.

चौथी गोष्ट, भाषेचे राखीव शब्द. कोबॉलमध्ये डेट, काउंट असे शेकडो शब्द भाषेने स्वतःसाठी ठेवले आहेत. तुम्ही आपल्या खात्याला नुसतं डेट नाव दिलंत, तर संदेश गोंधळात टाकणारा येतो. दिसायला वाक्य ठीक असतं, पण तो शब्द आपला नसतो.

पाचवी गोष्ट, जागेचा नियम. कोबॉल जन्मली तेव्हा प्रोग्राम ८० रकान्यांच्या कार्डावर लिहीत. जुन्या पद्धतीच्या कोबॉलमध्ये ७२ व्या रकान्याच्या पुढे लिहिलेलं कंपायलर वाचतच नाही. पडद्यावर वाक्य पूर्ण दिसतं आणि कंपायलर ते अर्धवट म्हणतो. अशा वेळी तो खोटं बोलत नसतो. त्याला जेवढं दिसलं तेवढ्यावरून तो बोलत असतो.

आणि शेवटची. काही वेळा संदेश सांगतो, की इथे पूर्णविराम असणार असं मी धरून चाललो आहे. बाईंनी वहीत आपल्या वाक्यात एक टिंब घातलं तर आपण बघतो ना, की आपल्याला तेच म्हणायचं होतं का? तसंच इथेही बघायचं. कंपायलरचा अंदाज बरोबर असेलच असं नाही.

परीक्षकाचीच परीक्षा

पुन्हा चरित्राकडे येऊ. १९६६ च्या अखेरीस, वयाच्या साठाव्या वर्षी हॉपर यांना नौदलाच्या राखीव दलातून निवृत्त व्हावं लागलं. पण सातच महिन्यांत नौदलाने त्यांना सहा महिन्यांसाठी म्हणून परत बोलावलं. ते सहा महिने पुढे एकोणीस वर्षं चालले!

काम काय होतं? कोबॉल एक, पण प्रत्येक कंपनीच्या कंपायलरची बोली वेगळी. एकाला जे वाक्य बरोबर वाटे, ते दुसऱ्याला चूक वाटे. नौदलाकडे अनेक कंपन्यांचे संगणक होते, त्यामुळे गोंधळ व्हायचा. १९६८ मध्ये कोबॉलचं राष्ट्रीय प्रमाण ठरलं. हॉपर यांच्या गटाने कंपायलर तपासण्यासाठीच प्रोग्राम तयार केले. कंपायलर प्रमाणभाषा नीट पाळतो का, हे त्यातून कळायचं. म्हणजे पेपर तपासणाऱ्याचाच पेपर! पुढे अमेरिकन सरकार कंपायलर घेताना अशी तपासणी करू लागलं. संदेशावर विश्वास ठेवायचा, तर संदेश देणाराही पारखून घ्यायला हवा, हे त्यांनी करून दाखवलं.

संदेश जे सांगत नाही

एक गोष्ट मात्र कोणताही सिंटॅक्स चेक सांगू शकत नाही. करात बेरीज करायच्या जागी तुम्ही वजाबाकी लिहिली आणि वाक्य व्याकरणाने शुद्ध असेल, तर कंपायलर एक शब्दही बोलणार नाही. निबंध शुद्ध असला म्हणून खरा असतोच असं नाही, तसंच हे.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे वर्ष २००० चा प्रश्न. साठवणुकीची जागा महाग होती, म्हणून जुन्या प्रोग्रामांत वर्ष दोनच अंकांत लिहीत. १९७५ म्हणजे ७५. व्याकरणाने सगळं बरोबर, एकही संदेश नाही. पण २००० साल आलं की ते ००, आणि मग ते ९९ च्या आधीचं ठरणार! हे प्रोग्राम ओळ न्‌ ओळ वाचून दुरुस्त करावे लागले. त्या कामात भारतातल्या हजारो अभियंत्यांनी भाग घेतला, मुंबई-पुण्यातले आपले मराठी अभियंतेही त्यात होते. तुमच्या घरात किंवा शेजारी त्या वेळी संगणकाच्या क्षेत्रात असलेले कोणी काका-मावशी असतील तर जरूर विचारा.

अखेरपर्यंत शिक्षिका

हॉपर गावोगाव भाषणं द्यायच्या. सोबत सुमारे ३० सेंटीमीटर लांबीचे तारेचे तुकडे न्यायच्या आणि श्रोत्यांना वाटायच्या. सेकंदाच्या अब्जाव्या भागात, म्हणजे एका नॅनोसेकंदात, वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर जाऊ शकते, हे डोळ्यांना दिसावं म्हणून! मायक्रोसेकंद दाखवायला त्या जवळजवळ ३०० मीटर तारेचं वेटोळं बाहेर काढायच्या. त्यांच्या खोलीतलं घड्याळ उलट्या दिशेने फिरायचं. आजवर असंच करत आलो, हे काही कारण होत नाही, याची आठवण म्हणून.

१९८३ मध्ये त्या कमोडोर झाल्या, १९८५ मध्ये त्या हुद्द्याचं नाव बदलून रिअर ॲडमिरल झालं. १४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, बोस्टनमध्ये यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर त्यांचा निरोपसमारंभ झाला. तेव्हा सेवेत असलेल्या अधिकाऱ्यांत त्या वयाने सगळ्यात मोठ्या होत्या. त्यानंतरही त्या एका संगणक कंपनीत सल्लागार म्हणून काम करत राहिल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाने नौदलाची एक युद्धनौका आहे आणि २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान देण्यात आला. त्यांना स्वतःला विचारलं असतं, तर कंपायलरपेक्षाही आपण घडवलेली तरुण मुलं हीच मोठी कमाई, असं त्या सांगत.

आपण काय घ्यायचं?

मित्रांनो, हॉपर यांच्या आधी न समजण्याचं सगळं ओझं माणसावर होतं. यंत्राची भाषा त्याने शिकायची, चूकही त्यानेच शोधायची. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातलं अर्धं ओझं यंत्राच्या खांद्यावर दिलं. उरलेलं अर्धं आपल्याकडे आहे. ते म्हणजे संदेश पूर्ण वाचणं. यंत्र सांगायला लागलं आणि आपणच ऐकेनासे झालो, तर त्या कष्टांचा काय उपयोग?

आणि उद्या तुम्ही स्वतः प्रोग्राम लिहाल, तेव्हा तुमच्या प्रोग्रामचे संदेश बँकेच्या खिडकीवरचा कारकून वाचेल, दवाखान्यातली परिचारिका वाचेल, रेशनच्या दुकानातला माणूस वाचेल. काहीतरी चुकलं, एवढंच सांगून त्यांना उभं ठेवू नका. कुठे अडलं आणि काय करायला हवं, ते त्यांच्या शब्दांत सांगा.

स्वाध्याय

१. संदेशात दिलेल्या ओळीत चूक नसण्याची दोन कारणं तुमच्या शब्दांत लिहा.

२. व्याकरणाने शुद्ध पण अर्थाने चुकीचं असं एक मराठी वाक्य आणि तशीच एक हिशेबाची सूचना तयार करा.

३. पुढच्या वेळी प्रोग्राम अडला, की काहीही बदलण्याआधी पहिला संदेश वहीत उतरवा आणि त्याखाली त्याचा अर्थ मराठीत लिहा. असे दहा संदेश झाले, की वर्गात आणून दाखवा.